गिरणगावातून लोवेलला

बोस्टनला आलेली मराठी माणसं हार्वर्डच्या आवारात फोटो काढतात, बंदरावर फिरतात, जमलंच तर केप कॉडला जाऊन येतात. तिथून आगगाडीने साधारण पाऊण तासावर असलेल्या लोवेल या जुन्या कापडगिरण्यांच्या गावाला फारसं कुणी जात नाही. माझं म्हणणं असं आहे, की ज्यांच्या घरात कुणी एकाने तरी गिरणीत रातपाळी भरली आहे, त्यांचं हार्वर्ड राहिलं तरी चालेल, पण लोवेल राहू नये.

मी गेले ती बाबांना घेऊन. बाबा लालबागचे. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, बदली कामगार म्हणून लागले, पुढे कायम झाले आणि 1982 च्या संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, चाळीतल्या खोलीत खाणावळ चालवायची. त्यामुळे आमच्या घरात गिरणीच्या दोन बाजू होत्या. एक भोंग्यामागची आणि एक चुलीमागची. लोवेलमध्ये या दोन्ही बाजू जपून ठेवल्या आहेत असं वाचलं होतं, म्हणून बाबांचा इथला मुक्काम उन्हाळ्यात ठरला तेव्हाच हे जाणं नक्की केलं. उन्हाळाच धरावा, कारण कालव्यातल्या बोटी तेव्हाच चालतात.

बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून गाडी सुटते आणि लोवेल हे तिचं शेवटचं स्टेशन. तिथून गावाचा जुना भाग चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, बसही मिळते. पहिल्यांदा मार्केट मिल्स नावाच्या जुन्या गिरणीतल्या माहिती केंद्रात जायचं. तिथे नकाशा मिळतो आणि बोटीची तिकिटं मिळतात. हा सगळा परिसर 1978 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. अमेरिकेत ज्या खात्याकडे यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यन आहे, त्याच खात्याचे हिरव्या गणवेशातले रेंजर इथे गिरण्या दाखवतात. बाबांना ही गोष्ट फार मोठी वाटली. "म्हणजे डोंगर-जंगलाइतकीच गिरणीपण सरकारची ठेव?" त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पाण्यापासून सुरुवात करावी, कारण हे शहर पाण्यामुळेच झालं. मेरिमॅक नदी इथे पॉटकेट धबधब्यावरून सुमारे 32 फूट खाली येते. फ्रान्सिस कॅबट लोवेल नावाचा बोस्टनचा व्यापारी 1810 च्या सुमारास इंग्लंडला गेला, तिथल्या गिरण्यांमधले यंत्रमाग बघून डोक्यात साठवून आला आणि वॉल्थम गावात 1814 मध्ये कापसापासून कापडापर्यंत सगळं एका छपराखाली करणारी गिरणी त्याने उभी केली. तो 1817 मध्ये वारला. त्याच्या भागीदारांना वॉल्थमची नदी अपुरी पडू लागली, तेव्हा ते मेरिमॅकवर आले. आधीपासून तिथे एक कालवा होता, लाकडाची वाहतूक धबधबा टाळून व्हावी म्हणून 1790 च्या दशकात खोदलेला. त्याला त्यांनी फाटे फोडले. आज गावात साडेपाच मैलांहून जास्त लांबीचे कालवे आहेत. पाणी दोन पातळ्यांवर खेळवलं आहे, म्हणजे वरच्या गिरणीची चाकं फिरवून झालेलं पाणी खालच्या गिरणीला पुन्हा उपयोगी पडायचं. आमच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर निघाल्या, त्यामुळे गिरणी म्हटलं की बाबांच्या डोळ्यांपुढे आधी चिमणी येते. इथे त्या काळच्या सगळ्या आकडेमोडीत आधी पाणी येतं.

बोट आम्हाला कालव्यातून जुन्या झडपांपर्यंत घेऊन गेली. तिथे जेम्स फ्रान्सिस या इंजिनिअरने 1850 मध्ये बसवलेला एक प्रचंड लाकडी दरवाजा आहे. नदीला मोठा पूर आला तर कालव्याचं तोंड बंद करता यावं म्हणून तो वर टांगून ठेवलेला होता. लोकांनी त्याला फ्रान्सिसचा वेडेपणा म्हटलं. दोनच वर्षांनी, 1852 मध्ये पूर आला, दरवाजा खाली सोडला आणि गाव वाचलं. 1936 च्या महापुरात तो पुन्हा उपयोगी पडला. धरणांवर आजही ज्या टर्बाइनला फ्रान्सिस टर्बाइन म्हणतात, ती याच माणसाची. कोयनेच्या वीजघराची शाळेतली सहल आठवत असेल, तर हे नाव तिथे कुठेतरी कानावर पडलेलं असेल.

मग बूट कॉटन मिल्स. ही गिरणी 1835 ची, लाल विटांची, मधोमध घंटेचा मनोरा. तळमजल्यावर साचेखातं आहे. दारात कानात घालायला बोळे देतात. आत 88 यंत्रमाग ओळीने उभे आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, ड्रेपर कंपनीचे, वरून फिरणाऱ्या दांड्याच्या पट्ट्यांवर चालणारे. एका वेळी त्यातले थोडेच चालवतात, पण तेवढ्यानेही पायाखालची फळी थरथरते आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचावे लागतात.

बाबांनी बोळे घातले नाहीत. हातात तसेच धरून ते कठड्याशी उभे राहिले. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. तसं काही झालं नाही, ते कामालाच लागले. आडवा धागा नेणारा धोटा कुठून फेकला जातो, मार कुठे बसतो, उभा धागा तुटला की साचा आपोआप कसा थांबतो, हे ते मला बोटाने दाखवू लागले. एका मागाचं टोक बघून मात्र थबकले. त्यावर सूत भरलेल्या कांड्यांचं एक गोल चाक बसवलेलं होतं. धोट्यातली कांडी संपली की चाकातली नवी कांडी माग न थांबवता आत ढकलली जाते. बाबा ज्या साध्या साच्यांवर काम शिकले, तिथे कांडी संपली की माग थांबवून धोटा बदलायचा आणि पुन्हा सुरू करायचा. तेव्हा आपल्याकडे एका कामगाराकडे दोन साचे ही जुनी रीत. या चाकामुळे इथे एका माणसावर डझनभर आणि पुढे त्याहून जास्त माग सोपवता आले. "दोनाचे तीन साचे करणार म्हटलं तेव्हा आमच्याकडे केवढं रण माजलं होतं, आजोबा सांगायचे," बाबा बोलले. ते 1928 च्या संपाबद्दल बोलत होते.

आवाजाबद्दल ते एकच बोलले. "तोच आवाज आसा गो." घरात मालवणी कमी झालेली आहे, पण गिरणीचं काही सांगताना त्यांच्या तोंडी ती येते.

रेंजर एक तरुण मुलगी होती. माग बंद झाल्यावर तिने धोट्याच्या डोळ्यातून धागा ओढायची जुनी पद्धत सांगितली. तोंड लावून श्वासाने ओढायचा, म्हणजे कापसाची धूळ आणि आधीच्या बाईची थुंकी दोन्ही पोटात. बाबांनी मान हलवून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी तिला सांगितलं, हे मुंबईच्या गिरणीत विणकर होते. त्यानंतर ती आम्हाला शिकवायचं सोडून बाबांना विचारू लागली. दमट हवेसाठी खिडक्या बंद ठेवत का? पाण्याचा फवारा वरून यायचा का? इथे धागा तुटू नये म्हणून खिडक्या खिळे मारून बंद करत आणि आत वाफ सोडत. बाबांनी सांगितलं, मुंबईत निम्मं काम समुद्राची हवाच करायची, तरी फवारे होतेच, आणि पावसाळ्यात अंग कधी सुकायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. मी फक्त मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते. त्या सबंध दिवसात मला सर्वांत जास्त आनंद याचा झाला, की एका संग्रहालयात माझ्या वडिलांना जाणकार म्हणून कुणीतरी विचारलं.

वरच्या मजल्यांवर कापसाची गोष्ट मांडली आहे, आणि ती मांडताना अंग चोरलेलं नाही. हा कापूस दक्षिणेकडच्या मळ्यांवर गुलामांनी वेचलेला होता. इतकंच नव्हे, तर गुलामांच्या अंगावर घालायचं जाडंभरडं स्वस्त कापड इथेच विणलं जायचं आणि मळ्यांवर त्याला लोवेल याच नावाने ओळखत. एकीकडे गिरणीतल्या बायका गुलामगिरीविरुद्ध अर्जांवर सह्या करत होत्या, आणि त्यांच्याच हाताखालून हे कापड निघत होतं.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली. लोवेलच्या मोठ्या कंपन्यांनी साठवलेला कापूस चढ्या भावाने विकला, गिरण्या बंद केल्या आणि हजारो माणसांना घरी बसवलं. त्याच वेळी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो मुंबईतून जाऊ लागला. खानदेश-वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत बँका आणि शेअर कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या, प्रेमचंद रायचंदांचं नाव घरोघरी झालं. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि निम्मी मुंबई दिवाळखोरीत गेली. शाळेत हे आपण मुंबईच्या भरभराटीचं प्रकरण म्हणून वाचतो. त्याच वर्षांत लोवेलच्या चुली कशा थंड पडल्या हे इथे उभं राहून कळतं. माझ्या मते कुठल्याही गिरणगावाचा इतिहास एकट्याने वाचूच नये, दुसरं गाव शेजारी ठेवावं.

गिरणीसमोरच मोगन केंद्र आहे, कंपनीने बांधलेल्या जुन्या खाणावळीच्या इमारतीत. माझ्यासाठी लोवेल म्हणजे ही जागा. सुरुवातीच्या काळात इथे काम करायला आल्या त्या न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, शेतकऱ्यांच्या मुली, बहुतेक पंधरा ते तिशीतल्या. कंपनी त्यांना ठेवायची ती अशा वसतिगृहांत. खाली जेवायची लांब टेबलं आणि स्वयंपाकघर, वर एकेका खोलीत चौघी-सहाजणी, एका पलंगावर दोघी. रात्री दहाला दार बंद. चालवणारी बाई बहुधा विधवा. ती पंचवीस-तीस-चाळीस मुलींना तीन वेळ जेवू घालायची आणि कंपनीने ठरवलेल्या दरात भागवायची. दिवसाचं काम बारा-तेरा तास, आणि दुपारी घंटा झाली की अर्ध्या-पाऊण तासात मुलींनी गिरणीतून धावत यायचं, जेवायचं, धावत जायचं. सगळ्यांची ताटं एकदम वाढलेली नसतील तर अर्ध्या मुली उपाशी परतणार.

हे वाचताना मला आजी दिसत होती. तिच्याकडे जेवायला येणारे कोकणातले, घाटावरचे पुरुष होते, बायका-मुलं गावी ठेवून आलेले. एकेका गाळ्यात वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे. त्यांच्या पोटाची सगळी भिस्त तिच्यावर. पहिल्या पाळीचा डबा पहाटे, दुसरीचं जेवण दुपारी, रातपाळीवाल्यांचं संध्याकाळी, म्हणजे चूल विझायची अशी वेळच नाही. महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी, तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. अशा हजारो बाया गिरणगावात होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तोपर्यंत सावकाराशिवाय त्यांना दुसरं दार नव्हतं. गिरणी चालली ती या चुलींवर, असं मी मनापासून मानते.

भिंतीवर एक गोष्ट लिहिलेली सापडली नसती, तरी मला ती वाचून माहीत होती आणि मी ती बाबांना तिथेच बाकावर बसवून सांगितली. 1836 मध्ये कंपन्यांनी खाणावळीचे दर वाढवले. ते मुलींच्या मजुरीतून जाणार होते. मुली काम सोडून बाहेर पडल्या. हॅरिएट हॅन्सन तेव्हा अकरा वर्षांची होती, तीही गिरणीतल्या आपल्या खात्यातल्या मुलींना घेऊन निघाली. तिची आई विधवा होती आणि कंपनीचीच एक खाणावळ चालवत होती. मुलीने संपात भाग घेतला म्हणून कंपनीच्या माणसाने त्या आईची खाणावळ काढून घेतली.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग 1982 चं बोलू लागले. 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. पहिले काही महिने आजीने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. मग आमटी पातळ झाली, मग मासळी बंद झाली, मग माणसं एकेक करून गावाकडे निघून गेली आणि वही तशीच राहिली. पुष्कळांनी पुढे गावाहून तांदूळ, कोकम, जमेल ते पाठवून फेड केली. काहींची फेड झालीच नाही, पण आजीने कुणाचं नाव कधी वाईट काढलं नाही. मला वहीचं माहीत होतं. कोकमाच्या गोणीचं मी पहिल्यांदा लोवेलमध्ये ऐकलं.

इथल्या मुलींचे संप तेव्हा मोडले. तरी 1840 च्या दशकात सारा बॅग्लीने बायकांची संघटना उभारली आणि दहा तासांच्या दिवसासाठी हजारोंच्या सह्या गोळा केल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये बायकांसाठी दहा तासांचा कायदा झाला तो 1874 मध्ये. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती 1890 मध्ये. सह्यांचे अर्ज, सभा, वर्षानुवर्षं वाट बघणं, दोन्हीकडे हेच.

दुपारी भूक लागली तेव्हा गावातून चालत निघालो. लोवेलमध्ये कोण-कोण येऊन राबलं ते देवळांवरून आणि दुकानांवरून कळतं. कालवे खोदणारे आयरिश एकर नावाच्या वस्तीत राहिले, त्यांचं सेंट पॅट्रिक चर्च तिथे आहे. नंतर फ्रेंच-कॅनेडियन आले, पोर्तुगीज आले, पोलिश आले. ग्रीकांचं सोनेरी घुमटाचं चर्च 1908 चं. एका पोर्तुगीज बेकरीत गोड पाव घेतला, हलका पिवळा, अंड्याचा. बाबांनी तो चहाशिवाय खायला नकार दिला.

जेवायला मात्र आम्ही कंबोडियन वस्तीत गेलो, लोअर हायलंड्स भागात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या खालोखाल सर्वांत जास्त कंबोडियन माणसं लोवेलमध्ये आहेत. 1975 ते 1979 या काळातल्या ख्मेर रूज या कंबोडियातल्या कम्युनिस्ट राजवटीच्या संहारातून वाचून, थायलंडच्या छावण्यांमधून, ती 1980 च्या दशकात इथे आली. कापडगिरण्या तेव्हा संपल्या होत्या, पण वँग ही कॉम्प्युटर कंपनी जोरात होती आणि सुटे भाग जोडायला हात हवे होते. 1992 मध्ये तीही बुडाली. माणसं राहिली, त्यांनी दुकानं काढली, देवळं बांधली. 2022 मध्ये सोखारी चाउ शहराचे महापौर झाले, अमेरिकेतले पहिले कंबोडियन वंशाचे महापौर. त्यांच्या वडिलांना ख्मेर रूजने मारलं होतं.

हॉटेल साधं, टेबलावर मिरच्यांची बरणी, लिंबं, भिंतीवर अंकोर वाटचं चित्र. आम्ही अमोक मागवला. नारळाच्या दुधात मासा, केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवलेला, चमच्याने कापावा इतका मऊ. त्याचं वाटण म्हणजे क्रोएंग: गवती चहा, हळद, लसूण, कोळिंजन, आंबट लिंबाच्या जातीची पानं. गवती चहा आपण चहात टाकून गाळून फेकतो. इथे त्याचा आतला कोवळा भाग बारीक चिरून, कुटून वाटणात घालतात, आणि माशाला तो इतका शोभतो की आपल्या आयांना हे कुणी कसं सुचवलं नाही असं वाटलं. पपईची कोशिंबीर कच्च्या पपईची, खलबत्त्यात ठेचलेली, तिखट, आंबट आणि खारवलेल्या माशाच्या वासाची. हा वास, म्हणजे प्राहोक, काहींना सोसत नाही. सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेल्या बाबांना तो सोसण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि नोम बान चोक. तांदळाच्या ताज्या शेवया, वर हिरवट-पिवळा माशाचा रस्सा, त्यावर केळफूल, काकडी, मोड आलेले मूग आणि कसलीकसली कच्ची पानं. बाबांनी पहिल्याच घासाला मान वर केली. "शिरवाळे," ते म्हणाले. मालवणात शिरवाळे गोड रसात खातात, नारळाचं दूध आणि गूळ घालून. पण त्या शेवयांचा पोत, दातांखाली येऊन लगेच सुटणं, अगदी तेच. ज्यांना लोवेलमध्ये एकच पदार्थ खायचा असेल त्यांनी हा खावा. सगळीकडे रोज मिळत नाही, विचारून जावं.

हॉटेलच्या मालकीणबाई साठीच्या घरातल्या. बाबांना दुसऱ्यांदा रस्सा हवा आहे हे त्यांनी न सांगता ओळखलं आणि वाटी आणून ठेवली. बोलता बोलता कळलं, त्यांची आई इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात रातपाळीला जायची आणि दिवसा घरी शेजारपाजारच्या एकट्या पुरुषांसाठी रांधायची, छावणीतून आलेल्या, कुटुंब गमावलेल्या माणसांसाठी. हॉटेल त्यातून निघालं. बाबांनी मला सांगितलं, "यांना विचार, महिन्याचे पैसे घ्यायच्या का रोजचे?" मी विचारलं. आठवड्याचे, पगार आठवड्याला व्हायचा म्हणून. पुढचा अर्धा तास एक कंबोडियन आणि एक मालवणी माणूस उधारी वसूल कशी करावी यावर बोलत होते.

जुलैच्या शेवटी इथे लोकसंगीताचा मोठा मोफत उत्सव होतो आणि त्यात वेगवेगळ्या समाजांचे लोक रस्त्यावर आपलं जेवण करून विकतात. ऑगस्टमध्ये मेरिमॅकवर आग्नेय आशियाई लोकांचा जलोत्सव असतो, लांब होड्यांच्या शर्यतींसाठी. दोन्हींच्या तारखा बघून बेत करावा. संग्रहालय, खाणावळ आणि बोट एका दिवसात नीट होतात, मात्र वसतिगृहाला घाईचा अर्धा तास देऊ नये.

मुंबईत गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायची योजना महापालिकेने हाती घेतली, ते पूर्णपणे व्हावं अशी माझी तीव्र इच्छा आहे. तिथे चालते साचे हवेत, थांबलेले नकोत. खाणावळीची एक खोली हवी, चूल, वही, डबे यांसकट. आणि माणसांचे आवाज हवेत. लोवेलमध्ये 1980 च्या दशकात म्हाताऱ्या गिरणी कामगारांच्या मुलाखती टेपवर घेऊन ठेवल्या, त्या आज विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्याकडे काहींनी हे काम मनापासून केलं आहे, पण खाणावळवाल्यांची पिढी जवळजवळ गेली. जी माणसं उरली आहेत ती सत्तरीत आहेत.

म्हणून परतीच्या गाडीत मी फोन चालू केला आणि बाबांना आजीच्या खाणावळीचा आठवडा सांगायला लावला. सोमवारी काळ्या वाटाण्यांचं सांबार. मंगळवारी डाळ, भात आणि एक भाजी. बुधवारी मासळी, बाजार स्वस्त असेल तर बांगडा, नाहीतर सुकट. गुरुवारी काही जणांचा उपास, त्यांना वरीचे तांदूळ. शुक्रवारी पुन्हा मासळी, शनिवारी उसळ, रविवारी मटण, माणशी मोजून चार फोडी. पगाराच्या रविवारी पाच.